पायाखालची माती

घराच्या भिंतीला तडा गेला की घरधन्याची दृष्टी प्रथम भिंतीकडे जाते आणि मग ती ज्याने बांधली त्याच्याकडे. भिंत जिच्यावर उभी आहे त्या मातीकडे पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही, आणि स्वतःकडे पाहण्याचे तर मुळीच नाही. मलाही ते सुचले नाही. त्या न सुचण्याचीच ही हकिगत आहे. ती लिहिताना मला संकोच वाटतो. परंतु जी गोष्ट मी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात चार माणसांत उभे राहून खोटी सांगितली, ती खरी करून चार माणसांतच सांगितली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरत शहरात, उधन्याच्या पलीकडे दिंडोलीला लागून नवागाम नावाची वस्ती आहे. पोटामागे खानदेशातून निघालेली हजारो माणसे ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरली आणि लिंबायत, दिंडोली, नवागाम या भागांत स्थिरावली. त्यांतलाच मी एक. माझे गाव शहादे तालुक्यात, तापीकाठच्या प्रकाशापासून जवळ. सुरतेत मराठी शाळेत शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि २०१२ साली, कर्ज काढून, नवागामात लहानशा तुकड्यावर मी घर बांधले. बांधणारे मिस्त्री आमच्याच बाजूचे होते. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाकाठी पंढरीची वारी, आणि ओळंबा हातात घेतला की बोलणे बंद, अशी त्यांची रीत.

दहा वर्षे घराने तक्रार केली नाही. २०२२ च्या मे महिन्यात मात्र पुढच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत एक तिरपा तडा उमटला. पाहता पाहता त्यात रुपयाचे नाणे उभे शिरू लागले. मी निदान करून टाकले की मिस्त्रीने सिमेंट खाल्ले. हे वाक्य मी घरात बोललो, गल्लीत बोललो आणि रविवारी चर्चच्या आवारातही बोललो. आमच्या धर्मग्रामातील दोन कुटुंबे त्या सुमारास घराचे काम त्याच मिस्त्रींना देणार होती. माझे बोलणे ऐकून त्यांनी दुसरा माणूस पाहिला. आपण दोन घरे वाचवली, असे समाधान मला त्या दिवशी वाटले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

२०२३ च्या पुनरुत्थानाच्या सणाला माझा भाचा घरी आला. तो मातीपरीक्षणाच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. जेवण झाल्यावर मी त्याला तडा दाखवला आणि मिस्त्रींची कथा सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "मामा, हा तडा उन्हाळ्यात वाढतो की पावसाळ्यात?"

मला उत्तर देता आले नाही. वर्षभर मी तो तडा रोज पाहत होतो, पण रागाने पाहत होतो, मापाने नव्हे. भाच्याने तड्याच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने एकेक ठिपका काढला, पट्टी माझ्या हाती दिली आणि म्हणाला, "दर रविवारी या दोन ठिपक्यांतले अंतर वहीत लिहा. वर्षभर मिस्त्रींविषयी कोणाशी बोलू नका." आयुष्यभर मुलांना वहीत लिहायला लावणाऱ्या मास्तराला आता वही धरणे भाग पडले.

योगायोगाने आमच्या शेजारच्या जागेवर बहुमजली इमारतीसाठी बोअर घेण्याचे काम चालू होते. बोअर घेणारी मंडळी भाच्याच्या ओळखीची निघाली. त्यांनी अर्धा दिवस आमच्यासाठी काढला. घरापुढे एक आणि मागे न्हाणीच्या बाजूला एक, अशी दोन छिद्रे घ्यायचे ठरले. अंगणात लोखंडी तिपाई उभी राहिली. तिला कप्पी, कप्पीवर दोर. आरंभी गिरमिट फिरवून माती वर काढत. ठरावीक खोलीवर पोचल्यावर एक पोकळ नळी खाली सोडून तिच्यावर साडेत्रेसष्ट किलोंचा हातोडा पाऊण मीटर उंचीवरून पुनःपुन्हा टाकत, आणि नळी तीस सेंटिमीटर खाली जाण्यास किती ठोके लागले ते मोजत. ठोके थोडे लागले तर जमीन मऊ, पुष्कळ लागले तर कठीण. शेवटी पातळ पत्र्याची एक नळी हळूच मातीत दाबून, आतल्या मातीचा धक्का न लागलेला दंडगोल अखंड वर काढत आणि दोन्ही तोंडे वितळलेल्या मेणाने बंद करत, म्हणजे आतला ओलावा उडत नाही. अंगणात मेणाचा वास दरवळला तेव्हा मला वेदीवरच्या मेणबत्त्यांची आठवण झाली.

मी विचारले, "गिरमिटाने माती निघतेच आहे, मग या नळीचा खटाटोप कशाला?" भाचा म्हणाला, "मामा, गिरमिटाची माती म्हणजे कालवलेला भात. त्यात काय काय होते ते कळेल, पण कशावर काय वाढले होते ते कळणार नाही. नळीतली माती म्हणजे न मोडलेले ताट." मला ही उपमा फार पटली.

ते ताट पुढे असे मांडले गेले. वरचा सुमारे पाऊण मीटर भराव होता. त्यात विटांचे तुकडे, राख, चिंध्या आणि एक तुटकी कपबशी होती. त्याखाली तीन मीटरपर्यंत काळीभोर चिकणमाती. तिचा तुकडा मोडला तर आतली पृष्ठे घासून गुळगुळीत झालेली, जणू कोणी पॉलिश केलेली दिसत. त्याखाली पिवळसर तपकिरी माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे, आणि सर्वांत खाली बारीक वाळू मिसळलेला गाळ. मी या जागेवर अकरा वर्षे झोपत होतो आणि माझ्या खाली काय आहे याची मला वार्ता नव्हती.

ही माती येथे आली कोठून? सुरत वसले आहे ते तापीने आणि तिच्या शेजारच्या नद्या-खाड्यांनी आणून टाकलेल्या गाळावर. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते, खानदेश ओलांडते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात पसरलेला काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो ऊनपावसाने झिजला, त्याची काळी माती झाली आणि पुरापुरांतून ती खाली वाहत आली. १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाल्यापासून पुष्कळसा गाळ वरच अडतो. त्यापूर्वी मात्र तापी प्रत्येक मोठ्या पुरात येथे एक नवे पान लिहीत होती. १९६८ चा पूर जुन्या सुरतकरांच्या तोंडी अजून आहे आणि धरणानंतरच्या २००६ च्या ऑगस्टमधील पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली घेतला, तो तर आपण सर्वांनी पाहिला. भाचा नळीकडे बोट दाखवून हसत म्हणाला, "मामा, तुम्ही गाडीने आलात, तुमच्या गावची माती तुमच्या आधीच नदीने आली होती." परमुलखात आलो असे आयुष्यभर म्हणत आलो आणि उभा होतो कदाचित गावच्याच मातीवर.

या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक असतो. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. वैशाखात शेताला पडणाऱ्या भेगांत आम्ही लहानपणी काठी घालून खोली मोजत असू. शास्त्रज्ञांनी तिला 'व्हर्टिसॉल' असे नाव दिले आहे. ते लॅटिनमधील वळणे, उलटणे या अर्थाच्या धातूवरून आले. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर रेटते आणि जमीन जणू स्वतःच स्वतःला नांगरते. ते गुळगुळीत झालेले पृष्ठभाग म्हणजे या घर्षणाच्याच खुणा. जमिनीचा असा उभा छेद घेऊन थरांवरून तिचा इतिहास वाचण्याची विद्या दोकुचायेव्ह या रशियन पंडिताने घडवली. रशियातील काळ्या मातीवरचा त्याचा ग्रंथ १८८३ चा. आपल्या देशात मृदा सर्वेक्षणाचे काम पाहणारी राष्ट्रीय संस्था १९७६ पासून नागपूरला आहे.

माझी शंका फिटावी म्हणून भाच्याने स्वयंपाकघराच्या फळीवरच एक प्रयोग मांडला. त्या काळ्या मातीचा भट्टीत वाळवून बारीक चाळलेला दहा दहा ग्रॅम चुरा त्याने काचेच्या दोन उभ्या मोजपात्रांत घातला. एकात रॉकेल ओतले, दुसऱ्यात पाणी, आणि दोन्ही पात्रे एक दिवस तशीच ठेवली. रॉकेलने ही माती फुगत नाही, पाण्याने फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती होती तेवढीच होती आणि पाण्यातली जवळजवळ दुप्पट चढली होती. माझी पत्नी ते पाहून म्हणाली, "अहो, म्हणजे आपले घर भिजत घातलेल्या डाळीवर बांधले आहे!" प्रयोगशाळेच्या अहवालात हेच वेगळ्या शब्दांत लिहून आले.

आता राहिला प्रश्न की माती फुगते कोठे, आकसते कोठे आणि केव्हा. त्यासाठी दोन्ही छिद्रांत प्लास्टिकच्या बारीक नळ्या बसवण्यात आल्या आणि त्यांत सोडण्याची एक सेन्सरची सळई भाच्याने मला वर्षभर वापरायला दिली. या सळईचे काम मी समजून घेतले ते असे. ती आपल्याभोवतीच्या मातीत विजेचे सूक्ष्म क्षेत्र निर्माण करते. ते क्षेत्र पाणी फार सामावून घेते, कोरडी माती फारच थोडे. शास्त्राच्या मापात पाण्याचा आकडा ऐंशीच्या आसपास, मातीच्या कोरड्या कणांचा तीन ते पाच आणि हवेचा एक. म्हणून मातीत पाणी किती आहे ते जमीन न उकरता सळई सांगू शकते, आणि तेही एका जागी, एका खोलीवर, आठवड्यामागून आठवडा.

परंतु पहिल्याच दिवशी यंत्राने एक धडा दिला. एक मीटर खोलीवर सळईने ५२ टक्के ओलावा दाखवला. त्याच खोलीवरचा अखंड नमुना भाच्याने प्रयोगशाळेत वजन करून, भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून पुन्हा वजन केला. नळीचे घनफळ ठाऊक असल्यामुळे त्यातले पाणी अचूक काढता आले. ते भरले ३९ टक्के. यंत्र खोटे बोलत नव्हते. चिकणमाती आणि तिच्यातले क्षार यांमुळे त्याला पाण्याचा भास अधिक होत होता. मग त्या नमुन्यांवरून यंत्राचे आकडे सुधारून घेतले, आणि त्यानंतरच त्यांवर विसंबता आले. सळईला पुष्कळ दिवसांची हकिगत सांगता येते, पण एकदा तरी खरी माती हातात घेऊन तिला पारखावे लागते. मी मात्र मिस्त्रींविषयी अशी एकही पारख न करता आकडा सांगून मोकळा झालो होतो.

वर्ष सरले. वही भरली. घरापुढच्या छिद्रात एक मीटर खोलीवर मे महिन्यात १९ टक्के ओलावा होता, ऑगस्टमध्ये ४० झाला. तीन मीटरवर मात्र बाराही महिने फारसा फरक नाही. मागच्या बाजूला, न्हाणीजवळ, एक मीटरवर भर उन्हाळ्यातसुद्धा ३९! आणि भिंतीवरचा तडा, जो मे महिन्यात नऊ मिलिमीटर होता, तो ऑगस्टअखेर दोनवर येऊन जवळजवळ मिटला आणि उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा उघडू लागला. "सिमेंट कमी पडलेली भिंत पावसाळ्यात आपोआप मिटत नाही, मामा," भाचा म्हणाला. घराची मागची बाजू सतत ओल्या, फुगलेल्या मातीवर होती आणि पुढची बाजू दर उन्हाळ्यात खाली बसत होती. या ओढाताणीत भिंत चिरली. मागे एवढे पाणी कोठून आले ते शोधले तेव्हा न्हाणीची सांडपाण्याची नळी जमिनीखाली सांध्यापाशी फुटलेली आढळली. २०२१ मध्ये ती नळी मीच, स्वस्तातला माणूस आणून, बदलून घेतली होती. त्या कामाशी मिस्त्रींचा काडीचाही संबंध नव्हता.

येथे थांबता आले असते तर मला बरे वाटले असते. पण भाच्याने अहवालाच्या शेवटी एक आकृती काढली होती. तीत मातीचे थर होते आणि त्यांत घराचा पाया दाखवला होता. पाया भरावाखाली जेमतेम टेकला होता, काळ्या मातीच्या नेमक्या त्या पट्ट्यात जो दरवर्षी फुगतो आणि आकसतो. "पाया एवढा वर का ठेवला?" त्याने विचारले. आणि एकाएकी २०१२ सालची ती सकाळ माझ्यापुढे उभी राहिली. चर खणलेला होता. मिस्त्री त्यात उतरून मातीचा गोळा बोटांत चुरत उभे होते. वर पाहून ते म्हणाले होते, "गुरुजी, अजून चार फूट खाली जाऊ द्या. काळी माती आहे, हिचा भरवसा नाही." मी मजुरीचा हिशेब केला, कर्जाचा हप्ता आठवला आणि म्हणालो, "एक मजल्याच्या घराला पुरे झाले." ते पुन्हा एकदा बोलले. मी ऐकले नाही.

हे मी विसरलो होतो, असे लिहिणे सोयीचे होईल. पण ते खरे नाही. ते माझ्या आत होते, फक्त त्यावर भराव घातलेला होता. दर वर्षी प्रायश्चित्तकाळात मी विवेकबुद्धीची तपासणी करतो, पापनिवेदनाला बसतो आणि दरवेळी वरच्या वरची माती उकरून तीच तीच चार पापे धर्मगुरूंना सांगून येतो. त्या वर्षी मला प्रथमच कळले की आत नळी उतरवावी लागते आणि जे वर येईल ते आहे त्या क्रमाने पाहावे लागते. पापनिवेदन ऐकून फादर मला म्हणाले की चोरलेली वस्तू जशी परत द्यावी लागते, तसे हिरावलेले नावही परत द्यावे लागते.

त्याच आठवड्यात मी मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांनी मला खाटेवर बसवले, चहा दिला. मी अहवाल काढला, पण तो वाचण्याची गरज पडली नाही. मी सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, तुम्ही काय बोललात ते मला पहिल्याच आठवड्यात कळले होते. ती दोन कामे गेली तेव्हा पोराच्या फीचे दिवस होते." एवढेच. आवाज चढला नाही. मी शिक्षक, फी शब्दाचा अर्थ मला समजावून सांगावा लागत नाही. थोड्या वेळाने तेच उठले आणि म्हणाले, "चला, घर दाखवा."

घर त्यांनीच दुरुस्त केले. फुटकी नळी काढून नवी घातली. पुढच्या भिंतीचा पाया एकदम न खणता तुकड्यातुकड्याने, एक सोडून एक, खाली उतरवला. घराभोवती उताराची फरसबंदी केली, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर जाईल आणि उन्हाने कडेची माती एकदम सुकणार नाही. अशा जमिनीवर नवे घर बांधायचे तर खोलवर, खाली बोंड असलेले खांब घालतात. ही पद्धत रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच वाढवली. माझ्या त्या वेळच्या ऐपतीला ते झेपले नसते, पण मिस्त्रींनी मागितलेले चार फूट झेपले असते. मजुरी त्यांनी सांगितली तेवढी मी दिली. यावेळी घासाघीस केली नाही. त्या दोन कुटुंबांकडेही मी गेलो. एकाचे घर तोवर बांधून झाले होते. गेलेले काम कोणालाही परत देता येत नाही. नाव परत देण्याचा प्रयत्न तेवढा करता येतो. हा लेख त्याचाच एक भाग आहे.

खडकावर बांधलेल्या घराचा दाखला आपण सर्वांनी लहानपणी ऐकला आहे. आमच्या नवागामात खडक हाताशी नाही. आहे ती काळी माती. त्यामुळे तो दाखला आपल्यासाठी नाही, असे मला कधी कधी वाटे. परंतु संत लूकने तो सांगताना एक बारकावा टिपला आहे, जो संत मत्तयच्या शुभवर्तमानात नाही. त्या शहाण्या माणसाने खोल खणले, असे लूक सांगतो. खडक त्याला वरच मिळाला नव्हता. तोही खणत खणतच तेथवर पोचला असणार, आणि खणताना मजुरीचा हिशेब त्यालाही आठवला असेल.

तडा बुजवला आहे. मात्र मिस्त्रींनी त्यावर रंग देऊ दिला नाही. "एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, मग पाहू," ते म्हणाले. पेन्सिलीचे दोन ठिपके अजून भिंतीवर आहेत. रविवारी मिस्साला निघण्यापूर्वी मी पट्टी लावतो, आकडा वहीत लिहितो आणि मगच पायात चपला घालतो.